डिशवर चढलेला शिराळ्याचा वेल

आदल्या वर्षीच्या पुरात आमचा टीव्ही गेला आणि माळ्यावरचा माझा कॉम्प्युटर वाचला. म्हणून मी त्यातच टीव्हीचं कार्ड बसवलं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्याचा मला नको तेवढा तोरा. महाडातल्या आमच्या न्हाणीघराच्या ठेंगण्या छपरावर डिश लावली, आणि आईला मोफत वाहिन्या दिसायला लागल्या.

श्रावणात चित्राचे चौकोन पडू लागले, आवाज तुटू लागला. आणि नेमकी तेव्हाच पोलादपूरची मावशी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दिसणार होती. तिच्या परसातल्या गावठी बियाण्यांबद्दल टीव्हीवाले मुलाखत घेऊन गेले होते. कार्यक्रम बघायला ती मुद्दाम आमच्याकडे यायची होती. शेजारी टीव्ही होता, पण बहीण टीव्हीवर दिसणार आणि मी लोकांच्या घरी जाऊन बसू होय, असं आईचं म्हणणं. वडील गेल्यावर याच मावशीने कित्येक वर्षं एसटीतून भाजीच्या पिशव्या पाठवल्या होत्या. त्या वर्षांत आम्ही भाजी विकत आणल्याचं मला आठवत नाही. तिला काळा पडदा दाखवायचा या विचारानेच माझं डोकं फिरलं होतं.

मी कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलले, वाहिन्या पुन्हा शोधल्या, केबल काढून घातली. शेवटी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर रडगाणं लिहिलं. कुठल्या देशातला कोण जाणे, एकाने उत्तर दिलं: सिग्नल हळूहळू उतरला असेल तर कार्डाला दोष देऊ नका, डिशसमोर काय आलंय ते बघा. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

मी मागच्या दारी गेलो. शिराळ्याचा वेल डिशच्या दांडीला विळखा घालून बसला होता, पानं थेट तिच्या तोंडावर. आपला आपण चढला नव्हता, आईनेच सुतळी बांधून चढवला होता. मांडवाला काठ्या नव्हत्या आणि ही दांडी आयतीच उभी होती. बी मावशीने दिलेलं.

मी कोयती आणली, तर आई आडवी आली. फुलावर आलेला वेल, त्यात बहिणीने दिलेला. काही केल्या कापू देईना. एवढ्यात कार्यक्रम बघायला मावशीच येऊन पोचली. सगळं ऐकून तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातली कोयती घेतली आणि वेल छाटून खाली ओढला.

“वेल परत लावता येतो गो,” ती आईला म्हणाली. “मी काय परत टीव्हीवर येनार हाय?”

चित्र स्वच्छ आलं. पडद्यावर मावशी, डोक्यावर पदर घेऊन. बियाणं विकता का, असं मुलाखत घेणाऱ्याने तिला विचारलं.

“इकत नाय,” पडद्यावरची मावशी म्हणाली. “पयलं बी महाडला भैनीला देते. तिच्या दारात वेल चढला, की मी तिथं हाय असं वाटतं.”

आईने पदराने डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर मावशीने पिशवीतून बियांची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली. आईने पुडी घेतली नाही, मावशीचा हातच धरला.

“बी राहू दे,” ती म्हणाली. “आता वेल नाही, तर तू राहा.”

मावशी राहिली.