बंदराचा पास आणि माझा पत्ता

ट्रक ड्रायव्हरांना बंदरात जाण्यासाठी कायमचा ओळखपास द्यावा की नाही, यावर माझं मत कुणी मागितलं नव्हतं. तरी मी ते जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी देत असे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ऐकणारे कमी पडतात. ट्रॅकवरचे आम्ही चौघेपाच जण एकमेकांची ती अडचण भागवत होतो. माझं म्हणणं असं की, बंदर म्हणजे देशाची वेस. ड्रायव्हर आज इथे, उद्या तिथे. त्याला ना पत्ता, ना ठिकाण. अशा माणसाला कायमचा पास कसा द्यायचा? सगळ्यांना पटलं. आमच्यापैकी कुणीही बंदर पाहिलेलं नव्हतं.

आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आमच्या खाली एक ड्रायव्हर राहतात. मूळचे सिन्नरकडचे. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडून थंड कंटेनर भरून कसारा घाट उतरतात आणि बंदरात सोडून येतात. एका संध्याकाळी ते फॉर्म घेऊन वर आले. आजवर दर खेपेला बंदराच्या खिडकीवर उभं राहून एका दिवसाची चिठ्ठी मिळायची, ती आता बंद होणार होती. त्याऐवजी बोटांचे ठसे, पोलीस चौकशी आणि मग पास. चौकशीला हवालदार घरी येणार आणि दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांनी ‘आम्ही यांना ओळखतो’ असं लिहून द्यायचं. पूर्ण इमारतीत प्रतिष्ठित माणूस मला एकच दिसतो, असं ते म्हणाले. मला ते आवडलं, हे कबूल करतो. सकाळचं मत मी बाजूला ठेवलं आणि होकार दिला.

पण शिक्षकाची सवय; सही देण्याआधी थोडी तोंडी परीक्षा घ्यावी म्हटलं. कंटेनरमध्ये नेमकं काय असतं, असं विचारलं. ते म्हणाले, “कागदावर द्राक्षं लिहिलेली असतात सर. दार मी कधी उघडलेलं नाय. सील तुटलं तर नोकरी गेली.”

म्हणजे आत काय आहे ते यांना ठाऊक नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांची चौकशी नाही. मग तुमचीच का, असं मी विचारलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, गाडीत दिसतो तो मीच ना.

हवालदार रविवारी दुपारी आला. ड्रायव्हरांच्या खोलीत पंखा बिघडलेला, म्हणून बैठक आमच्या हॉलमध्ये झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. बायकोने चहा ठेवला. ड्रायव्हरांनी प्लॅस्टिकच्या फाइलमधून एकेक कागद काढला: लायसन्स, आधार, भाडेकरार, रक्तगटाचा दाखला, कंपनीचं पत्र. प्रत्येकावर तोच पत्ता, तेच नाव, वेलांटीचाही फरक नाही. इतकी नीटनेटकी फाइल माझ्या शाळेच्या तपासणीतसुद्धा कधी निघाली नव्हती. हवालदाराने तीन प्रश्न विचारले, मान डोलावली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी आधार कार्ड दिलं. तो ते बराच वेळ बघत राहिला.

“सर, तुम्ही तर येवल्यात राहता.”

मी सांगितलं की नोकरी येवल्यात झाली, पण निवृत्तीनंतर पाच वर्षं इथे नाशिकलाच आहे. त्याने मतदार ओळखपत्र मागितलं. तेही येवल्याचं. मतदानाला मी तिकडे जातो, कारण तिथे रांगेत लोक नमस्कार करतात. पण हे हवालदाराला कसं सांगणार? पेन्शनचं पुस्तक येवल्याचं. लाइट बिल बायकोच्या नावावर, कारण बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, असा हिशेब मीच काढला होता. हवालदार चांगला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला की कागदावर मी या घरात राहतच नाही. येवल्याचा माणूस नाशिकच्या माणसाला शेजारी म्हणून कसा ओळखणार?

ड्रायव्हरांना माझी दया आली असावी. ते मध्येच म्हणाले, “साहेब, सर इथंच राहतात. पाच वर्षं बघतोय मी. चांगला माणूस हाय. मी सांगतो ना.”

“तुम्ही सांगून कसं चालेल?” हवालदार म्हणाला. “चौकशी तुमची चालू आहे.”

पत्ता नाही, ठिकाण नाही, हे माझेच शब्द होते आणि ते आता माझ्याच सोफ्यावर बसले होते. शेवटी बायको हात पुसत बाहेर आली आणि “मी सही केली तर चालेल का?” असं तिने विचारलं. तिचं आधार इथलं, बिल तिच्या नावावर, घर तिचं. तिचं नाव मला सुचलंच नव्हतं. हवालदाराने विचारलं, तुम्ही यांना कितपत ओळखता?

तिला सगळं ठाऊक होतं. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, घाटातल्या रस्त्याने पाठ गेली आहे. खेप करून पहाटे परत आले की ते बूट खालीच काढतात आणि हातात घेऊन जिना चढतात, लोकांची झोप मोडू नये म्हणून. मी पाच वर्षं शांत झोपत होतो आणि त्याचं श्रेय इमारतीच्या बांधकामाला देत होतो. दुसरी सही कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने केली. फॉर्मवर पिठाचा अंगठा उमटला. हवालदाराने फुंकर मारून तो कागद ठेवून घेतला.

पास यायला दीड महिना लागला. खिडकीवरची चिठ्ठी मात्र ठरल्या दिवशी बंद झाली. त्या मधल्या काळात आमचे ड्रायव्हर कंटेनर घेऊन बंदराच्या बाहेरपर्यंत जायचे. तिथे पासवाले ड्रायव्हर उभे असत. त्यांच्यातल्या एकाच्या हाती चावी द्यायची, तो गाडी आत नेऊन रिकामी करून आणायचा. त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे कुणालाच माहीत नसायचं. म्हणजे सुरक्षेसाठी सीलबंद कंटेनर रोज अनोळखी माणसाच्या ताब्यात जात होता. त्यांनी हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

पास आल्यावर पहिली खेप करून ते तो दाखवायला वर आले. मी त्यांना सरळच विचारलं, असा पास ड्रायव्हरांना द्यावा असं तुम्हाला वाटतं का?

“द्यावा की. नाय कोण म्हणतं?” ते म्हणाले. “पण एकदा विचारलं की विश्वास ठेवा ना. दर दाराला नवीन कार्ड काढायचं, आणि माणूस तर मी तोच.”

मग म्हणाले, आता काम झटपट होतं. कार्ड टेकवलं की फाटकाचा दांडा वर जातो. पूर्वी चिठ्ठीच्या खिडकीवर एक म्हातारे क्लार्क असायचे, नाशिकहून आलात का, यंदा द्राक्षं कशी आहेत, असं विचारायचे. आता कुणी काही विचारत नाही. एवढं बोलून ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरायची होती, झोप काढायला हवी होती.