धोंडाबाईच्या बंधाऱ्याचं शीर्षक

वाद मिटतो, लोक विसरतात. पण ऑनलाइन विश्वकोशात प्रत्येक लेखामागं वादासाठी चर्चापान असतं, तिथं एकेक वाक्य तसंच राहतं. त्यात मला वही लिहिण्याची खोड. मग किस्से साठणारच!

आम्ही तिघं या विश्वकोशात हौसेनं लिहितो. इंदापूरच्या शिक्षिका शैलामॅडम, पणदऱ्याचे ऊसवाले मारुतीतात्या आणि डेअरीत नोकरी करणारा मी. दर रविवारी बारामती एमआयडीसीजवळच्या टपरीवर भेटतो. नियम एकच: शीर्षक मतांनी ठरत नाही, छापील पुराव्यानं ठरतं.

वडगाव निंबाळकरकडच्या एका बंधाऱ्यावर आमचा लेख आहे, 'धोंडाबाईचा बंधारा'. दुष्काळात धोंडाबाईनं बाया जमवून तो बांधला. यंदा तिथं कमान उभी राहिली: 'कै. बापूसाहेब जलाशय'. बापूसाहेब म्हणजे तिथले जुने पुढारी. लगेच त्यांच्या नातवाचा कार्यकर्ता विक्रम हटून बसला, "शीर्षक बदला!"

*

एका दुपारी चर्चापानावर चाळीस नवी खाती उगवली. सगळ्यांचं मत एकच: "बापूसाहेबांचंच नाव हवं. वरचा मजकूर कॉपी करून आपापल्या खात्यावरून टाका."

शेवटची सूचनासुद्धा चाळीस वेळा!

*

मग विक्रमनं पुरावा म्हणून कमानीचा फोटो टाकला.

तात्यांनी खाली लिहिलं, "कमान औंदाची. बंधारा तुझ्या जन्माआधीचा हाय. तवर लोक त्याला काय म्हणत हुते?"

*

मला राहवेना. माझी जुनी वही काढली. आठ ठिकाणी 'धोंडाबाईचा बंधारा' लिहिलेलं दाखवलं.

"वही छापलीय का?" शैलामॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग ठेवा पिशवीत!"

नियम आमचाच होता. ठेवली.

*

पुढच्या रविवारी विक्रम चार मोटारसायकली घेऊन टपरीवरच आला. "काका, नाव बदला, न्हायतर लई वाईट हुईल!"

"काय हुईल?" तात्यांनी बशी खाली ठेवली.

"आमी... आमी चर्चापानावर अजून लिहू!"

"लिही की. खाली सही करायला इसरू नगं."

सगळे हसले. विक्रम मात्र माझ्याकडं वळला. "तुमच्याकडं तरी छापील काय हाय?"

हे वर्मी लागलं. काहीच नव्हतं. मी म्हणालो, "नाही. पण म्हणून कमानीपुढं वाकणार नाही. तू छापील आण, मी माझ्या हातानं शीर्षक बदलतो."

*

आणि पुढच्या रविवारी टपरीवर त्यानं आणलं! बापूसाहेबांच्या साठीचा गौरव अंक. "त्यांचं स्वतःचं मनोगत हाय, बंधाऱ्याच्या फोटोसकट!"

मी मोबाइलवर शीर्षक बदलायचं पान उघडून बसलो. शब्द म्हणजे शब्द.

"मोठ्यानं वाच," मॅडम म्हणाल्या.

विक्रम ऐटीत वाचू लागला, "धोंडाबाईच्या बंधाऱ्यावर मी चार दिवस पाट्या वाहिल्या. पाचव्या दिवशी हात सोलले म्हणून घरी बसलो, तर ती दारात आली. म्हणाली, पुढारी, उठा..."

तो थांबला. पुढचं त्यानं मनातच वाचलं. मग बाकावर बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "संदर्भात ह्याचा पान नंबर कुठं टाकायचा?"