भासरे आणि लिंबाचे खवले

माझ्या भासऱ्यांइतका काळजी करणारा माणूस सौंदडच्या टेशनापासून बोदलकस्याच्या तलावापर्यंत दुसरा झाला नसेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, म्हणून मी गायीशी बोलायची आणि ते ऐकायचे. त्यांनाही काही सांगायचं असलं की ते गायीलाच सांगत. "गायी, सांग तिले, चुलीतला विस्तव विझला नाही." गाय दोघांच्या मधे रवंथ करत उभी. आभाळ मोकळं असलं की धान वाळेल म्हणून ते घाबरत, भरून आलं की सडेल म्हणून. घरातून निघाले की तीनदा परत येऊन दाराची कडी ओढून पाहत, आत मी बसलेली असले तरी.

देश स्वतंत्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी घरामागच्या वाडीतल्या लिंबाच्या पानांवर मोहरीएवढे तांबूस खवले दिसले. ते झाड जाऊबाईंनी, भासऱ्यांच्या बायकोनं लावलेलं. त्या गेल्या, लिंबू राहिलं. भासऱ्यांनी काट्याच्या टोकानं एक खवला उचलला, तर खाली पिवळा ओला जीव, ढालीखाली लपल्यासारखा. पाय नाहीत, पंख नाहीत, नुसतं तोंड पानात खुपसून बसलेला. "याले पायच नाही, त मंग हे आलं कोठून?" या प्रश्नानं त्यांचं जेवण उडालं. बाया म्हणाल्या, झाडाला देवी आली. त्यांना ते पटलं नाही. कोणीतरी आणतं, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांनी शेळ्यांची अंगं तपासली, पोस्टमनची थैली झाडून घेतली, पाहुण्यांना वाडीत पाय ठेवू दिला नाही. रोज सकाळी खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्यानं एकेक पान पुसायचे, आणि तोच दुपट्टा खांद्यावर टाकून गावभर लोकांची लिंबं पाहत फिरायचे. लोक हसत. "या डॉक्टरसाहेब, आमच्या निंबवाची नाडी पाहा जी!" ते तिथलीही पानं पुसत आणि उसासा टाकत. थोड्या दिवसांनी त्या झाडावरही खवले.

एकाच घरचं लिंबू हिरवंगार राहिलं. त्या घराशी शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, ते तिकडे फिरकत नसत. "साऱ्यायची झाडं वाळून राहिली अन् त्याचंच काऊन फुलून राहिलं? त्यानंच टाकलं हे. उद्या पंचांपुढं सांगतो." त्या बांधापायी एकदा काठ्या निघाल्या होत्या.

त्याच दुपारी मी त्यांचा दुपट्टा धुवायला घेतला. उन्हात धरला, तर त्यावरचे हळदीसारखे कण हलत होते. माझे डोळे तेव्हा चांगले होते. ती पिल्लं होती, आणि पिल्लांना पाय होते. एकदा जागा धरली की मग पाय जात असावेत.

मी गोड बोलणारी बाई नाही. दुपट्टा गायीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाले, "गायी, सांग त्यायले, ज्याच्या घरी ते जात नाही त्याचंच झाड चांगलं काऊन आहे? या दुपट्ट्यावर बसून कोण गावभर हिंडून राहिलं, ते पाहा म्हणा."

ते वाकले. दुपट्ट्याचं टोक उन्हात धरून पाहिलं. मग गायीलाच म्हणाले, "म्हणजे तिनं लावलेलं झाड मीच मारून राहिलो?"

मी दुपट्टा उचलून उकळत्या पाण्यात टाकला.

ते पंचांकडे गेले नाहीत. लिंबाच्या खवल्यांनी भरलेल्या फांद्या छाटून जाळल्या आणि पुन्हा त्या झाडाला शिवले नाहीत. गावात फिरणंही बंद केलं. जे हसायचे तेच दारात येऊन विचारू लागले, "डॉक्टरसाहेब बिमार हायेत का?" मला वाटलं, थोडं हळू सांगता आलं असतं. नवी पालवी फुटली तेव्हा ते दहा हात लांब, हात पाठीशी धरून उभे राहिले. "गायी, सांग तिले, पान उलटून पाहा." मी पाहिलं. एक खवला होता. नखानं खरवडून काढला आणि म्हणाले, "गायी, काही नाही म्हणा." ते म्हणाले, "अजून एक डाव पाह्य म्हणा." मी अजून एकदा पाहिलं. मग मी रोजच पाहू लागले.

आता भासरे नाहीत, ती गायही नाही. लिंबू आहे. तोडायला गेले की मी दोन-चार पानं उलटून पाहते. कोणी विचारत नाही, आणि मधे गायही लागत नाही. तरी मोठ्यानं सांगते, "काही नाही जी."