बोगद्याच्या दोन भिंतींमध्ये

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचत आलो ते त्यांतल्या चुका शोधण्यासाठीच. मी भौतिकशास्त्र शिकवतो. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, त्याहून अधिक काही नाही, असं वर्गात ठासून सांगणारा माणूस... आज त्या ठासण्याची थोडी लाज वाटते.

आम्ही ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात राहतो. आमची एकुलती एक मुलगी रेवा – लग्नानंतर फार उशिरा झालेली – दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. नऊ वर्षांची होती. त्यानंतर माझी पत्नी माधवी तिचं नाव काढी आणि मी विषय बदली. माधवीला त्रास होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं तर मलाच ऐकवत नव्हतं. मी एका जुन्या बोगद्याच्या इतिहासात डोकं खुपसून बसलो.

शहराबाहेरच्या डोंगरातून पूर्वी छोटी रेल्वे जायची, तिचा हा बोगदा. रूळ कधीच उखडले. तो दोन्ही तोंडांकडून एकदमच खणत आणला. मध्यावर दोन्ही बाजू किंचित चुकल्या, म्हणून तिथे वळण आहे. तिथे कुठल्याच तोंडाचा उजेड पोचत नाही. तपासणीची माणसं जोडीनं जात – दोघं दोन भिंती चाचपत.

"सारखा बोगदा, बोगदा... एकदा दाखवा तरी ही माझी सवत," माधवी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती थट्टेनं बोलली होती. मग एका दुपारी टॅक्सी करून गेलोच. टॅक्सीवाल्यानं बजावलं, "बाऊजी, टॉर्च मत जलाना, चमगादड़ उड़ेंगे."

वटवाघळं उठू नयेत म्हणून आम्हीही त्या तपासणीच्या माणसांसारखेच अंधारात चाललो. मी उजवी भिंत धरली, तिनं डावी. वळणावर मिट्ट काळोख झाला आणि तिनं माझ्या डाव्या हाताची दोन बोटं धरली. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत आम्ही एकमेकांचा हात धरला नव्हता... पुढे उजेड दिसला, तशी कमानीचा फोटो घ्यायला मी बोटं सोडवून घेतली.

बाहेर येताच माधवी म्हणाली, "किती घट्ट धरलीत हो माझी बोटं. भीती वाटली?"

"तू धरली होतीस ना?"

तिनं डावा तळवा उघडला. भिंतीवरच्या जुन्या काजळीनं काळा. माझा उजवाही तसाच. दोघांनीही भिंत सोडली नव्हती. कमानीत उभं राहून, तशाच भिंती धरून, आम्ही मोकळे हात पसरून पाहिले. मध्ये हातभर जागा उरली.

"इथं ती चालायची," माधवी म्हणाली.

आम्ही पुन्हा आत गेलो. वळणावर हात पसरून उभे राहिलो. मी हाक मारली, "रेवा..." दोन वर्षांत पहिल्यांदा. दोघांचेही हात रिकामेच राहिले.

परतताना टॅक्सीत माधवीनं विचारलं, "आधी हात कोणी सोडला?"

"मी. फोटोसाठी."

"नाही हो, मी पण सोडला. पदर सावरायला." मग काळ्या तळव्याकडे बघत, "उजेड दिसला ना, म्हणून..."

टॅक्सीवाल्यानं न सांगता गाणं बंद केलं.

भास म्हणावा, तर दोघांना एकाच वेळी कसा? माझ्यापाशी स्पष्टीकरण नाही. उद्या सापडलंच, तरी ते माधवीला सांगणं मला जमणार नाही.