आक्कांच्या नातीचं टोपडं

दीड महिना झाला. राहू गावी आमच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते, तेवढ्यात भाचीचा, पूनमचा, फोन आला. "मामी, आई गेली." तिची आई म्हणजे आक्का, माझ्या थोरल्या नणंद. मी फोन ठेवला आणि हातातली जुडी बांधून पुरी केली. का केली, ते आजही सांगता येत नाही...

नदीपलीकडच्या वडगाव रासाईत, आक्कांच्या गावात, त्यांच्या क्रोशाशिवाय रुखवत मांडलं जात नसे. पण आजारपणातल्या औषधांनी त्यांची बोटं बधिर झाली, सुई हातातून गळायला लागली, आणि नेमकी तेव्हाच पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातवंडाचं टोपडं घरच्याच हातचं हवं, हा आक्कांचा हट्ट. मग पंचेचाळिशी उलटलेल्या मला त्यांनी कामाला लावलं. आठवड्यातून दोनदा मी नदी ओलांडून जायचे, त्यांच्या कॉटपाशी बसायचे. साखळी, मुका खांब, खांब... टाक्यांची नावं पाठ झाली, हात काही वळेना. जुड्या बांधून बांधून त्याला एकच ठाऊक, दोरा आला की आवळायचा. टाके इतके घट्ट यायचे की सुई आत शिरत नसे.

"अगं शोभे, ही काय मेथीची जुडी हाय का? बाजारात सुटंल म्हणून भ्या वाटतंय व्हय? ढिला सोड दोरा."

"सोडतीय की आक्का, हातच ऐकत न्हाई."

"मग उसव."

उसवून उसवून दोऱ्याचा पार पिंजून कापूस झाला. मला राग यायचा. आजारी माणसावर रागावते म्हणून लाज वाटायची, तरी यायचा. शेवटच्या आठवड्यात मी विणलेलं दाखवलं, तसंच आवळलेलं, वाकडं. आक्कांनी त्यावरून बोटं फिरवली. बोटांना काही कळत नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. "ऱ्हाऊ दे. चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. मी उसवायला लागले तर माझा हात धरला. त्यांच्यापाशी आता वेळ नव्हता, आणि मला काहीच करता येत नव्हतं, साधं विणताही येत नव्हतं.

त्या गेल्यावर आठ दिवसांनी पूनमला मुलगी झाली. सुतक फिटल्यावर साधंसं बारसं केलं. टोपडं पोरीच्या डोक्यात शिरेना, टाळूवर नुसतं टेकून राहिलं. पूनम हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मामी, दुसरं विणता का? जरा मोठं?"

मी हो म्हणाले. नवा दोरा आणला, आक्कांची सुई घेऊन बसले... टोपडं टाळूवरच्या गोल कड्यापासून सुरू होतं. पहिल्या टोपड्याचं ते कडं आक्कांनी बोटं चालत होती तेव्हाच घालून ठेवलेलं होतं, मी फक्त त्याच्यापुढं विणत गेले. सुरुवात कशी करायची, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.