मुखरू मिस्त्रीची सुतळी

मुलचेऱ्याला मुखरू मिस्त्रीच्या दुकानात शिरायचं तर पायातलं बाहेर काढावं लागतं. देवळात काढतात तसं. कारण काय, तर आत ऐरण आहे. मुखरूच्या आज्याने त्या ऐरणीवर बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा ठोकल्या, बापाने नांगराचे फाळ ठोकले, आणि मुखरू आता मोटारसायकली ठोकतो. ज्या लोखंडाने तीन पिढ्या पोसल्या त्याच्यासमोर चिखलाच्या चपला नेणं त्याला पटत नाही. एकदा एक ठेकेदार बूट घालूनच आत आला होता. मुखरूने हातातला पाना खाली ठेवला आणि तो बाहेर जाईपर्यंत उचलला नाही. ठेकेदार तणतणत गेला आणि चार दिवसांनी मोजे घालून परत आला. जाणार कुठे? मागच्या चाकाचं काम मुखरूसारखं करणारा त्या भागात दुसरा नव्हता.

मुखरूचं म्हणणं असं, की गाडीचं इंजिन कोणीही दुरुस्त करेल, पण गाडीची कंबर माणसाच्या कमरेशी जुळवणं हे खरं काम. त्यासाठी त्याच्याकडे टेप नाही. एक सुतळी असते. गिऱ्हाईकाला भिंतीला उभं करायचं, कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. बाईमाणूस असेल तर सुतळी त्याची बायको सुगंधाबाई धरते आणि मुखरू भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मग त्या गाठीवरून तो मागचे धक्के झेलणारे शॉकअप उंच करायचे की बुटके, सीटचा फोम किती कापायचा, मडगार्ड किती उचलायचं ते ठरवतो. अशा पन्नासेक सुतळ्या खिळ्यावर लोंबत असतात. कुठल्याही सुतळीवर नाव नाही, आणि मुखरूला प्रत्येक सुतळीचा माणूस ठाऊक आहे. मेलेल्या माणसाचीही तो काढत नाही.

त्यातली सर्वांत लांब सुतळी लालसूची.

लालसू तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, खरेदीच्या फडावर मुन्शी होता. सागाच्या खोडासारखा उंच. कोणाकडून तरी त्याने एक जुनी क्रूझर मोटारसायकल घेतली, ऐसपैस सीटची, रुंद हँडलची, आणि जंगलातल्या दगडगोट्यांवर तिचं पोट घासू लागलं म्हणून मुखरूकडे आणली. मुखरूने लांब शॉकअप बसवून तिची मागची बाजू चांगली वीतभर उचलली. काम झाल्यावर लालसूने एक हौस सांगितली. मागच्या मडगार्डावर मुलीचं नाव पाहिजे. पेंटर चंद्रपूरहून येईपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती, म्हणून मुखरूनेच लाल रंगाने नाव काढलं: करिश्मा. अक्षरं जरा वाकडी आली, पण लालसू खूश झाला. पुढची सहा वर्षं ती गाडी फडाफडावरून हिंडली. मग पावसाळ्यातल्या एका तापात लालसू गेला आणि गाडी घराच्या पडवीत उभी राहिली.

करिश्मा आता वनरक्षक झाली आहे. बारा किलोमीटरवर तिची बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा पट्टा. उंचीने मात्र ती आईवर, सोमारीबाईवर गेली. बापाच्या छातीलाही लागली नसती. त्या उंच केलेल्या गाडीवर बसली की पायाचे अंगठे तेवढे जमिनीला लागत. धावत्या गाडीवर ती कोणालाही हार जात नसे, पण गाडी थांबली की पंचाईत. दोनदा पडली. दुसऱ्यांदा कोपर सोलून घरी आली, तेव्हा तिचा काका कोलू म्हणाला की आता पुरे. आष्टीचं एक गिऱ्हाईक येत्या बाजाराला मुलचेऱ्यात यायचं होतं. तोवर आणखी एकदा पडली तर गाडी त्याला देऊन टाकायची. कोलू दुष्ट नव्हता. त्याने भाऊ गमावला होता, पुतणी गमवायची नव्हती.

बाजाराला पाच दिवस असताना करिश्मा दुकानात आली. दाराशी जाड तळव्याचे ड्युटीचे बूट काढले आणि अनवाणी आत आली.

"मिस्त्रीकाका, बाबाची गाडी मले पुरली पायजे," ती म्हणाली. "पन मडगार्ड कापू नोका. नाव हाये माहं त्याच्यावर."

"मीच लिवलं हाये थे, मले काय सांगून राह्यली?" मुखरू म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सुगंधाबाईने सुतळी धरली. गाठ पडली. लालसूच्या गाठीहून ती इतकी वर होती की मुखरूने दोन्ही सुतळ्या शेजारी धरून पुन्हा पाहिल्या.

त्याने दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. लांब शॉकअप काढून बुटके बसवले. सीटचा फोम दोन्ही बाजूंनी तासला. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी पलीकडे कलंडते, हे शिकाऊ मिस्त्री विसरतात. मुखरूने तोही कापून जोडला. तरी सुतळीच्या हिशेबाने टाच टेकेना. आणखी दीड बोट खाली घ्यावं लागत होतं, आणि ते दीड बोट चाक आणि मडगार्डाच्या मधल्या जागेतूनच निघणार होतं. मुखरूचं मन मागेपुढे झालं. पण पोरगी पडते ती टाच टेकत नाही म्हणून, तेव्हा टाच आधी. त्याने ते दीड बोट घेतलं.

करिश्मा दुकानातच गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. तिला हसू आवरेना. बाहेर येऊन तिने बूट चढवले आणि आईला आणायला गेली.

सोमारीबाईला मागे बसवून ती नाल्याच्या उतारापर्यंत आली आणि तिथल्या खड्ड्यात गाडी आदळताच खालून कर्रर्र आवाज झाला. जळक्या रबराचा वास सुटला, चाक अडखळलं. करिश्माने दोन्ही पाय टेकले आणि गाडी सावरली. पडली नाही. पण मागून सायकलवर कोलू येत होता आणि त्याने सगळं पाहिलं.

तासाभराने सगळे दुकानात. कोलू तर दारातूनच सुरू झाला.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलं? चाक अडकून पोरगी मेली असती मंजे?"

मुखरू गाडीखाली पाठ टेकून शिरला. मडगार्डाच्या आतल्या बाजूला, बरोबर नावाच्या खाली, टायरने पत्रा घासून चकचकीत केला होता.

"कापून टाका थो मडगार्ड," कोलू म्हणाला. "शहरात पोरं कापतेतच. नाई तं परवा देऊनच टाकतो गाडी."

करिश्मा खाली पाहत उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

मडगार्ड कापणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. दुसरा कोणी असता तर खड्ड्याला नाहीतर सोमारीबाईच्या वजनाला दोष देऊन ग्राइंडर चालू केला असता. मुखरू गाडीखालून निघाला, घाम पुसायला दाराशी गेला, आणि तिथे ओळीने काढून ठेवलेल्या पादत्राणांत त्याला करिश्माचे ते बूट दिसले. त्याने एक उचलला. तळव्याला आडवी बोटं लावली. दीड बोट.

तो उंबऱ्यावरच बसला.

इतक्या वर्षांत ही चूक उघडी पडली नव्हती, कारण त्याची गिऱ्हाइकं झिजलेल्या स्लीपरवाली. त्या बूटवाल्या ठेकेदाराचंही नुसतं चाकाचं काम होतं, माप नव्हतं. लालसू तर जन्मभर अनवाणीच गाडी चालवत राहिला. गाडी बुटांत चालवायची आणि माप अनवाणी पायांचं, असं माणूस मुखरूच्या दारात या पोरीआधी आलं नव्हतं. पोरीला जे दीड बोट नकोच होतं, ते त्याने मडगार्डाच्या पोटातून काढून घेतलं होतं.

"कोलूभाऊ," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक गाडीची नाई. पोरीची बी नाई. चूक माही हाये. म्या नेम केला, आन त्याच नेमानं माप चुकवलं."

मग करिश्माला म्हणाला, "बूट घाल आन आत ये."

ती जागची हलेना. "काका, आत ऐरण हाये."

"ऐरणीले मी सांगतो समजावून. तू ये."

सुगंधाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, ऐरणीकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप सुतळी घेतली. तिच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने नेम मोडलेला ती पहिल्यांदा पाहत होती. त्या दुकानाच्या फरशीवर मुखरूच्याच सांगण्यावरून बुटांचे ठसे उमटले. नवी गाठ पडली, जुनीच्या दीड बोट खाली.

त्याच ऐरणीवर मुखरूने दोन कड्या घडवल्या आणि शॉकअपच्या बुडाशी जोडून गाडी दीड बोट वर घेतली. घासलेला पत्रा आतून ठोकून सरळ केला, तोही लाकडी हातोड्याने, वरच्या अक्षरांचा एक टवकाही उडू न देता. मग कोलूलाच मागे बसवलं. "जा, खड्डे पाहून पाहून जा," असं करिश्माला बजावलं. दोघं नाल्यापर्यंत जाऊन आले. कोलू उतरला, वाकून मडगार्डाखाली बोटं घालून पाहिली आणि सायकल घेऊन निघून गेला. त्यातून काय समजायचं ते मुखरूला समजेना.

बाजाराच्या दिवशी आष्टीचा माणूस आला. कोलू त्याला घेऊन दुकानासमोर उभा होता. मुखरू आत पाना हातात धरून नुसताच बसला होता, काम सुचत नव्हतं. तेवढ्यात समोरून शेळ्यांचा कळप आडवा आला आणि रस्त्यात एक क्रूझर थांबली. दोन बूट सपाट जमिनीवर टेकले. शेळ्या रमतगमत गेल्या, गाडी तसूभर हलली नाही. मग गिअर पडला आणि गाडी बीटच्या वाटेने निघाली.

"हेच का थे गाडी?" आष्टीवाला म्हणाला. "बोल, देऊन राह्यला ना?"

"मागं नाव हाये," कोलू म्हणाला. "वाच."

गाडी दूर जात होती. त्या माणसाने डोळे बारीक केले. "करिश्मा."

"थेच चालवून राह्यली," कोलू म्हणाला, आणि पायातल्या चपला काढून मुखरूच्या दुकानात शिरला.