डाव्या सीटचा चार्ज

सात वाजायला दहा मिनिटं असताना जनार्दनकाका पागनीस आमच्या बडोद्यातल्या, कारेलीबागेतल्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढत. तिच्या आवाजानं पहिल्या मजल्यावरच्या आमच्या मांडणीतली ताटं थरथरायची. आई म्हणायची, "निघाले बघ शाळेला."

शाळेत शिकवायच्या त्या शालिनीकाकू, काकांच्या पत्नी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलं कमी होत गेली म्हणून रावपुऱ्यातली ती मराठी शाळाही बंद पडली होती, फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. तरी काका रोज त्या फाटकापर्यंत जात, अर्धा मिनिट थांबत आणि परत येत.

गाडी विलायती, उघड्या टपाची, सोडावॉटरच्या बाटलीसारखी हिरवी. दोन दारं आणि दोनच सीट. काकांचे वडील प्रतापसिंहराव नावाच्या एका सरदारांकडे मोटारींचे मिस्त्री होते. सरदारांनी हौसेनं आणलेली ही शर्यतीची गाडी हौस फिटल्यावर चिंचेखाली गंजत पडली. भंगारात जायच्या आदल्या दिवशी वडिलांनी ती मागून घेतली. काका तेव्हा बाजव्याच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात नुकतेच लागले होते. बापलेकांनी तीन वर्षं खपून ती चालती केली आणि शालिनीकाकू सासरी आल्या त्या तिच्याच डाव्या सीटवर बसून.

काकू गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. एकदा माझी स्कूटर पंक्चर झाली आणि मला वर्कशॉपला जायची घाई होती. काकांनी मला रिक्षा थांबवून दिली आणि मी नीट पोचते की नाही ते बघायला स्वतः रिक्षाच्या मागे मागे गाडी घेऊन आले. मी रिक्षातून वळून बघत होते. डावी सीट रिकामी होती. मला राग आला नाही, हसूही आलं नाही. रिकाम्या सीटकडे वळून बघणं बरं नव्हे असं का वाटावं हे कळेना, पण मी मान पुन्हा पुढे केली ती वळवली नाही.

मी मोटारींच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकलचं काम बघते. बघितलेल्या गोष्टीचं कारण शोधायचं, ही सवय तिथली. म्हणून हेही सांगते.

माझा रस्ता रावपुऱ्यावरून जायचा, त्यामुळे कित्येकदा मी काकांच्या मागेच असायची. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली की तिचं डावं दार उघडायचं. वीतभरच. माणूस उतरायला लागतो तेवढा वेळ उघडं राहायचं आणि लागायचं. काका वाकून ओढून घेत असतील असं मला वाटे. एक दिवस मी मुद्दाम स्कूटर शेजारी उभी केली. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दार लागलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि गाडी वळवली.

संध्याकाळी मी ते दार तपासलं. "काका, लॅचची जीभ झिजलीय. गतिरोधकावर हिसका बसतो आणि सुटते. रस्ता तिथं उजवीकडे उतरता आहे, म्हणून दार आपोआप लोटलं जातं."

"बरोबर," काका म्हणाले. "कारेलीबागेपासून फाटकापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. ती जीभ दहा वेळा धरते आणि अकराव्याला सुटते."

"मग बदलून टाका ना. तुम्ही लेथवर अख्खा गिअर बनवलाय, जीभ काय मोठी गोष्ट?"

काकांनी फडक्यानं हात पुसले. "दीकरा, ते दार मी बंद करून टाकलं तर ती उतरणार कशी?"

ते हे 'चहा घेशील का' म्हणावं तसं म्हणाले.

मार्च महिन्यात अमितनगर सर्कलजवळ गाडीचे ब्रेक गेले. गाडी दुभाजकावर चढून थांबली. काकांच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. त्या ब्रेकचे रबर आता कुठेच मिळत नव्हते. काका ते घरी कापून बसवायचे, आणि त्यांची नजर पूर्वीची राहिली नव्हती.

पुण्याहून त्यांची मुलगी मोहना आली. काकांच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत तिनं बॅग खाली ठेवली आणि सुरुवात केली.

"बास झालं बाबा. आता नवीन गाडी. ब्रेक लागणारी, चार माणसं बसणारी."

"हिचेही ब्रेक लागतात. एकदाच नाही लागले."

"एकदाच पुरतं! श्रद्धा, तू सांग यांना. तू तर यातलीच."

मी म्हणाले, "काका, नवीन गाडीत काही बिघडलं तर ती आधी सांगते. ही सांगत नाही."

"हिनं मला कधी जागाच दिली नाही," मोहना म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. "लहानपणी मी आईबाबांच्या मध्ये गिअरच्या दांडीपाशी बसायची. मोठी झाले, मावेना. मग लग्नाला जायचं, हे दोघं राजाराणी पुढे गाडीतून, आणि मी शेजारच्या मंदाकिनीमावशींबरोबर मागून रिक्षात! स्वतःच्या आईबापाच्या मागून रिक्षानं आलेली दुसरी कोणी मुलगी दाखव मला बडोद्यात."

काकांनी कपाळावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "गाडी देतो. पण चार्ज दिल्याशिवाय नाही."

मोहनाला ते कळलं नाही. मला नंतर त्यांनीच समजावलं. रिफायनरीत शिफ्ट संपली तरी पॅनल सोडून जाता येत नाही. पुढचा माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे, त्याला सगळं तोंडानं सांगितलं पाहिजे आणि त्यानं 'घेतला' म्हटलं पाहिजे. चौतीस वर्षांत काकांनी चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडली नव्हती. काकूंनाही ते असंच एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेणार होते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दोन्हींची डावी दारं उघडायची आणि सांगायचं.

जुनी गाडी मांजलपूरच्या धैर्यशील शिर्क्यांनी घेतली. जुन्या गाड्या जमवणारा उमदा माणूस, पण कायम घाईत. नवीन पांढरी गाडी आली त्याच सकाळी ते ट्रक घेऊन हजर झाले. "काका, जल्दी करो ने, ट्रकवाला भाव खातोय," म्हणत त्यांनी दोर बांधायला घेतले. काकांनी जुन्या गाडीचं डावं दार उघडलं, वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शालिनी, गाडी बदलतोय. इकडे ये. चार्ज घे." मग पाच मिनिटं हात मागे बांधून उभे राहिले.

ट्रक कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर त्यांनी नवीन गाडीच्या डाव्या दाराला हात घातला, ते आधी उघडायचं घाईत राहून गेलं होतं. दार उघडेना. नवीन गाडी थोडा वेळ उभी राहिली की स्वतःच सगळ्या दारांना कुलूप लावून घेते. काकांना ते माहीत नव्हतं. चावी मोहनाच्या पर्समध्ये होती.

काका पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. "श्रद्धा," ते म्हणाले, "मी तिला बंद दारासमोर उभं केलं."

मोहना पुण्याला परत गेली. काका रोज सकाळी नवीन गाडी फाटकापर्यंत नेत. आता आमची ताटं थरथरत नव्हती, ते कधी गेले नि कधी आले कळायचंही नाही. फाटकाशी गाडी थांबायची, काही व्हायचं नाही, ते परत यायचे. दोन आठवड्यांत ते इतके वाळले की आईनं रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी खिचडी पाठवायला सुरुवात केली. डबा बहुतेक वेळा तसाच परत यायचा.

मग एका रविवारी धैर्यशीलरावांचा मला फोन आला. गाडीच्या वायरिंगसाठी माझा नंबर त्यांच्याकडे होता.

"श्रद्धाबेन, त्या डाव्या दाराची काय भानगड आहे?"

"लॅच झिजलंय. गतिरोधकावर सुटतं."

"लॅच मी नवीन टाकलं. आणि गतिरोधक कुठला? गाडीची चाकं काढलीत. चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे गॅरेजमध्ये, शटर बंद. रोज सकाळी सव्वासातला दार उघडं. घरातले म्हणतात, परत दे. आमचा कुत्रा त्या बाजूला फिरकत नाही."

कारेलीबागेतून सात वाजायला दहा मिनिटं असताना निघालं की फाटकाशी सव्वासात व्हायचे. माझी दोन्ही कारणं, गतिरोधक आणि उतार, त्या गॅरेजात नव्हती. फोन ठेवल्यावर मी हात धुतले, कारण नसताना.

मी काकांना सांगितलं. ते लगेच उठले, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून घातला. गाडीशी येऊन म्हणाले, "पुढे बस. आत्ता रिकामी आहे." जाताना मी डाव्या सीटवर बसले, पट्टा लावला.

मांजलपूरच्या गॅरेजमध्ये ती हिरवी गाडी चाकांशिवाय उभी होती. काकांनी नवीन गाडी तिच्या शेजारी लावली, इंजिन बंद केलं आणि चावी माझ्या हातात दिली. "दाराला कुलूप लागता कामा नये." मी डावं दार उघडून धरून उभी राहिले. त्यांनी जुन्या गाडीचं दार उघडलं.

"शालिनी, चूक माझी झाली. ही गाडी पांढरी आहे, पाच जणांची. ब्रेक चांगले आहेत. रस्ता तोच, वेळ तीच. चार्ज घे."

धैर्यशीलराव शटरपाशी उभे होते. ते पहिल्यांदाच घाईत नव्हते. मी धरलेलं दार एकदा जरासं जड झालं, आत बसताना कोणी त्याचा आधार घ्यावा तसं. मग हलकं झालं. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगितलं की माझा हात भरून आला होता.

"श्रद्धा, मागे बस," काका म्हणाले.

त्यांनी गाडी सुरू केली आणि पट्ट्याचा अलार्म वाजू लागला. टिंग, टिंग, टिंग. काकांनी पट्टा लावलेला होता. समोर डाव्या सीटचं लाल चित्र उजळलं होतं. शेजारी कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ. मी पुढे वाकून सीटवर बघितलं. पिशवी नाही, बाटली नाही, काही नाही.

"काका, सीटखालचा सेन्सर बिघडला असेल. अलार्म बंद करायची खोटी क्लिप मिळते, रस्त्यावर सगळे तीच लावतात. मी उद्या—"

"प्लांटमध्ये अलार्म वाजला तर आधी खरा धरायचा," काका म्हणाले. "खोटा ठरेपर्यंत खरा. क्लिप लावणारा माणूस मी शिफ्टवर ठेवला नसता." रस्ता बघत त्यांनी पुढे म्हटलं, "वाजू दे. चार वर्षांनी शेजारून आवाज येतोय."

असा अलार्म दीड मिनिटात आपोआप थांबतो, तसाच तो बनवलेला असतो. तो मांजलपूरहून रावपुऱ्यापर्यंत वाजला. शाळेच्या फाटकाशी काकांनी सवयीनं गाडी थांबवली आणि तो बंद झाला. लाल चित्र विझलं. मग अर्ध्या मिनिटानं पुन्हा उजळलं. रविवार होता, शाळेला सुट्टी.

दुसऱ्या दिवशी मी गाडी वर्कशॉपला नेली. तपासणीचं यंत्र जोडलं. स्क्रीनवर आलं: डावी सीट, व्यक्ती आहे. सेन्सर बदलला. व्यक्ती आहे. वायर बदलली. व्यक्ती आहे. मी यंत्र बंद करून ठेवलं आणि गाडी काकांकडे पोचवली. वाटेत गाणी लावली नाहीत. डाव्या सीटचा पट्टा लावायलाही हात पुढे केला नाही. दुसऱ्याचा पट्टा विचारल्याशिवाय कसा लावायचा? काकांनी मला बिल विचारलं नाही, काय निघालं एवढंच विचारलं. मी म्हणाले, "अलार्म खोटा ठरला नाही." त्या दिवशी खिचडीचा डबा रिकामा परत आला.

मांजलपूरच्या गॅरेजात आता दार लागलेलं राहतं. धैर्यशीलराव म्हणतात, कुत्रा त्याच गाडीखाली झोपतो.

दसऱ्याला मोहना आली. गाडीला झेंडूचा हार घालून, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं. मी हळदीकुंकवाचं ताट धरून डाव्या बाजूला उभी होते. बापलेक सोनं वाटायला नातेवाइकांकडे निघाले होते. काकांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं.

"बाबा, आज मी पुढे बसणार. एवढी मोठी गाडी कशाला घेतली मग?"

काका आपल्या जागेवर बसले. त्यांनी गाडी सुरू केली. टिंग, टिंग, टिंग.

मोहनाचा हात दारावर होता. तिनं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तशीच थांबली. काय झालं ते मला दिसलं नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. तिनं पाय बाहेर घेतला. अलार्म वाजतच होता. मग ती वाकली, खांद्यापाशी लटकणारा पट्टा हळूच ओढला, रिकाम्या सीटवरून नेला आणि क्लिपमध्ये बसवला. अलार्म थांबला. तिनं दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"आता रिक्षा नको ना गं?" काकांनी विचारलं.

मोहना हसली की रडली, सांगता येणार नाही. "नको," एवढंच म्हणाली.

डावी काच खाली होती, म्हणून मला नीट दिसलं. रिकाम्या सीटवरून बांधलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट पडतो. हा पडला नव्हता. सीटच्या पाठीपासून दीड वीत पुढे, मधे हवा ठेवून तो ताणलेला होता. गाडी हलायच्या आधी खांद्यापाशी बारीकसा आवाज झाला आणि पट्टा आणखी चार बोटं बाहेर आला. पुढे बसलेला माणूस मागच्या माणसाकडे वळून बघतो तेव्हा येतो, तेवढा.